नर्सताई स्वतःचा व्यवसाय सुरू करतायत : बिल कोणाच्या नावाने आणि देखरेख कोणाची?

बोईसर, तारापूर, चिंचणी, वाणगाव या पट्ट्यात एक धंदा असा आहे की ज्याला दुकान लागत नाही, मोठं भांडवल लागत नाही आणि गिऱ्हाईक शोधत फिरावंही लागत नाही. घरपोच नर्सिंग. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला, सून शाळेवर आणि घरी अर्धांगवायू झालेले वडील. चिंचणीत डायमेकिंग करणारं घर असेल तर पुढच्या खोलीत काम चालू आणि मागच्या खोलीत आजोबा, ज्यांची कॅथेटर ठरावीक दिवसांनी बदलावी लागते. हॉस्पिटल डिस्चार्ज देताना सांगतं, 'रोज ड्रेसिंग करून घ्या.' रोज रिक्षा करून पेशंटला बोईसरला नेणार कोण?

म्हणजे मागणी आहे, आणि काम करणाऱ्या हातांचीही कमी नाही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून खासगी हॉस्पिटलमध्ये बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुली या भागात आहेत. त्यांच्यापैकी कुणी 'आता स्वतःचं काहीतरी करू' असं ठरवलं, तर मी टाळ्या वाजवीन. पण या व्यवसायात पैसे मिळवण्याआधी एक कागद नीट समजून घ्यावा लागतो, तो म्हणजे बिल. व्हिडिओत हा भाग दहा मिनिटांत आटपावा लागला, म्हणून इथे सविस्तर.

आधी अमेरिकेचं भूत उतरवू

'नर्स क्लिनिक' किंवा 'नर्स प्रॅक्टिशनर' असं शोधलं की समोर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथली नर्स प्रॅक्टिशनर पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहिते आणि स्वतःच्या नावाने बिलही लावते. हे बघून आपल्याकडे 'मीपण छोटं क्लिनिक टाकते' असा विचार येतो. म्हणून तिथला नियम नेमका काय आहे, ते आधी सांगतो.

मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी विमा योजना. 1997 च्या एका कायद्याने नर्स प्रॅक्टिशनरला कुठल्याही ठिकाणच्या कामाचं बिल थेट मेडिकेअरला लावता येऊ लागलं, 1998 च्या सुरुवातीपासून. पण दर डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के. म्हणजे ज्या तपासणीला डॉक्टरला 100 रुपये मिळतात, तिथे तिला 85. आता गंमत पाहा. तेच काम 'डॉक्टरच्या कामाला जोडून केलेलं' असं दाखवता आलं, तर बिल डॉक्टरच्या नावाने लागतं आणि पूर्ण 100 मिळतात. साहजिकच सगळ्यांना 100 हवे असतात. म्हणून अटी कडक ठेवल्या आहेत. पेशंटची पहिली तपासणी डॉक्टरने स्वतः केलेली हवी आणि उपचाराची दिशा त्यानेच ठरवलेली हवी. नर्स काम करत असताना डॉक्टर लगेच मदतीला येऊ शकेल असा उपलब्ध हवा. पेशंटने त्या भेटीत नवीनच तक्रार काढली, तर ती भेट डॉक्टरच्या नावावर टाकता येत नाही, 85 वरच समाधान मानायचं. हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या पेशंटसाठी ही सोय नाहीच. अटी न पाळता डॉक्टरच्या नावाने बिल लावलं, तर ते खोटं बिल ठरतं आणि पैसे परत करावे लागतात, वर दंडही बसू शकतो.

थोडक्यात, तिथे देखरेखीला किंमत आहे, 15 टक्के. आपल्याकडे देखरेख हा दराचा प्रश्नच नाही. इथे देखरेख असेल तर काम कायदेशीर आणि नसेल तर बेकायदेशीर, असा सरळ मामला आहे. म्हणून तिथला व्हिडिओ बघून इथे पाटी लावू नका.

आपल्याकडे नर्सला काय करता येतं?

'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द भारतातही आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. ही नर्स आयसीयूत, संस्थेने ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत जास्तीचे निर्णय घेते. दुसरं, 2018 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रसूतीसेवेसाठी मिडवायफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनर तयार करण्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं प्रशिक्षण 18 महिन्यांचं. दोन्ही चांगले आहेत. पण यातल्या कुठल्याही पदवीमुळे चिंचणीच्या बाजारपेठेत गाळा घेऊन सर्दी-तापाचे पेशंट तपासायचा परवाना मिळत नाही.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या 2019 च्या कायद्यात कलम 32 आहे. त्यात 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद केली आहे. तिथेही स्वतंत्रपणे औषध देणं हे प्राथमिक आणि प्रतिबंधक आरोग्यसेवेपुरतं आणि ठरवून दिलेल्या औषधांपुरतंच. बाकी सगळं नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि हा परवाना आयोगाने द्यावा लागतो, नर्सिंग झालं म्हणून तो आपोआप लागू होत नाही. त्याच कायद्याच्या कलम 34 मध्ये नोंदणी नसताना डॉक्टरी केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. महाराष्ट्राचा 1961 चा वैद्यक व्यवसायी कायदा आहे तो वेगळा.

मग करता येतं काय? भरपूर. ड्रेसिंग, कॅथेटरची काळजी, रायल्स ट्यूबने जेवण, बेडसोरची निगा, इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवणं, बीपी-शुगरची नोंद, बाळ-बाळंतिणीची काळजी, डॉक्टरने लिहून दिलेलं इंजेक्शन देणं. या यादीत निदान करणं नाही आणि औषध ठरवणं नाही. 'ताई, खोकला आहे, एखादी गोळी द्या ना' असं पेशंटच्या घरातले म्हणणारच. आपल्याकडे सिस्टरवर डॉक्टरइतकाच विश्वास असतो. त्या विश्वासापोटी अँटिबायोटिकची पट्टी हातात दिलीत, तर तुम्ही रेषा ओलांडलीत. शेड्यूल एच मधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं.

तेव्हा व्यवसायाची पहिली फाईल म्हणजे डॉक्टरच्या लेखी सूचनेची. तारीख, पेशंटचं नाव, औषध, मात्रा, कसं द्यायचं, किती दिवस, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. डिस्चार्ज कार्डावर हे बहुतेक वेळा असतं, त्याची प्रत काढून ठेवा. डॉक्टर फोनवर सांगतात तेव्हा काय करायचं? 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी ही वाट मोकळी केली आहे. पेशंटजवळ आरोग्य कर्मचारी बसलेला आणि पलीकडे डॉक्टर, हा प्रकार त्या सूचनांमध्ये स्पष्टपणे दिलेला आहे. डॉक्टरने सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो. नुसतं 'हो, दे टोचून' चालत नाही. चिठ्ठी येईपर्यंत सिरिंज उघडू नका. आणि माझा एक हट्ट आहे : शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी देण्याचं काम घेऊच नका. रिॲक्शन आली तर वाणगाव किंवा बोईसरपर्यंत जायला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. पहिला डोस हॉस्पिटलमध्ये, पुढचे घरी.

डॉक्टर कुठल्या रजिस्टरवर आहे, तेही बघा. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या प्रकरणात, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली म्हणून त्याला जबाबदार धरलं होतं. त्यानंतर महाराष्ट्रात नियम थोडे बदलले आहेत, पण मुद्दा तोच राहतो. जो डॉक्टर तुम्हाला सूचना देतोय, त्याला ते औषध लिहिण्याचा अधिकार आहे का, हे विचारायला लाजू नका. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक मागणं हा डॉक्टरचा अपमान नाही.

आता बिल

इथे तीन वेगवेगळे व्यवहार असतात आणि बहुतेक जणी ते एकाच वहीत, एकाच ओळीत लिहितात. गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिला व्यवहार : तुम्ही स्वतः पेशंटच्या घरी जाऊन सेवा देता आणि पेशंट तुम्हाला पैसे देतो. जीएसटीच्या 2017 च्या अधिसूचना क्रमांक 12 मध्ये आरोग्यसेवा करमुक्त आहे, जर ती क्लिनिकल आस्थापनेने, अधिकृत डॉक्टरने किंवा पॅरामेडिकने दिली असेल तर. पॅरामेडिक म्हणजे कोण, याची व्याख्या जीएसटीत दिलेली नाही. पण सेवाकराच्या काळात, 2012 मध्ये, सरकारने जी मार्गदर्शिका काढली होती तिच्यात नर्सिंग स्टाफ, फिजिओथेरपिस्ट, टेक्निशियन यांची नावं उदाहरण म्हणून आहेत आणि स्वतंत्रपणे दिलेली सेवाही करमुक्त आहे असं म्हटलं आहे. म्हणजे नोंदणीकृत नर्सने स्वतः जाऊन केलेलं ड्रेसिंग करमुक्त. फक्त असंच काम करत असाल, तर कितीही उलाढाल झाली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही.

नोंदणीकृत नर्स हा शब्द मात्र महत्त्वाचा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू हवी. नूतनीकरणाची तारीख उलटून गेलेली असते आणि प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. आणि 'मावशी' किंवा 'आया' पाठवून बिलावर 'नर्सिंग चार्जेस' लिहू नका. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, सोबत बसणं हे मोलाचं काम आहे, त्याचे पैसे जरूर घ्या, पण बिलावर 'रुग्णसोबती' किंवा 'अटेंडंट' असं लिहा. ज्याला नर्स म्हणायचा अधिकार नाही त्याला बिलावर नर्स म्हणणं म्हणजे स्वतःच्या सहीने स्वतःविरुद्ध पुरावा देणं. शिवाय अशा सोबतीच्या सेवेला ती करमाफी मिळेल असं गृहीतही धरता येत नाही.

दुसरा व्यवहार : तुम्ही हॉस्पिटलला नर्स पुरवता. बोईसरमधल्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलला रात्रपाळीला दोन-चार सिस्टर हव्या असतात आणि ते म्हणतात, 'तुमच्या मुली पाठवा, महिन्याला एकरकमी देऊ.' तुमच्या मुली तिथे जातात, तिथल्या डॉक्टरच्या हुकमाने काम करतात, तिथला गणवेश घालतात, ड्युटी तेच लावतात. पेशंट तुमचा नाही, हॉस्पिटलचा आहे. कराच्या भाषेत ही आरोग्यसेवा नाही, हा मनुष्यबळ पुरवठा. 18 टक्के.

कारखान्याचंही असंच. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम आणि तिथे पात्र नर्सिंग कर्मचारी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तारापूर एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांसाठी ही मोठी संधी आहे. पण करारात 'नर्स पुरवणे' असं लिहिलंत आणि प्रत्यक्षातही तसंच चाललं, तर 18 टक्के धरूनच भाव सांगा. करारातले शब्द आणि प्रत्यक्ष काम, दोन्ही पाहिलं जातं.

तिसरा व्यवहार : वस्तू. ॲडल्ट डायपर विकणं, एअर बेड भाड्याने देणं, व्हीलचेअर, वॉकर. यात नफा चांगला असतो आणि पेशंटच्या घरच्यांनाही सोय होते. पण यांना आरोग्यसेवेची करमाफी नाही. त्या-त्या वस्तूचा जो दर असेल तो लागतो.

आता हे तिन्ही एकत्र आले की काय होतं, ते आकड्यांत बघू. आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा, तुम्ही रोज 6 भेटी देता, भेटीला 350 रुपये, महिन्याचे 26 दिवस. महिन्याला 54,600, वर्षाला 6,55,200 रुपये. करमुक्त. बरोबर?

त्यात तुम्ही हॉस्पिटलला 4 नर्स दिल्या, प्रत्येकीचे महिन्याला 22,000 ठरले. महिन्याला 88,000, वर्षाला 10,56,000. एकूण झाले 17,11,200. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख. अजून आत आहात.

मग डायपर आणि बेडच्या भाड्याचे वर्षाला 3 लाख आले. एकूण 20,11,200. मर्यादा ओलांडली! 'पण माझे साडेसहा लाख तर करमुक्त आहेत, ते कशाला धरता?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की मर्यादा मोजताना करमुक्त उलाढालही धरतात. करमुक्त रकमेवर कर लागत नाही, पण एकूण उलाढालीत ती मोजली जाते. त्यामुळे मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा आणि तिथून पुढे हॉस्पिटलच्या 88,000 वर दर महिन्याला 18 टक्के, म्हणजे 15,840 रुपये कर.

हे 15,840 हॉस्पिटलकडून मागायला गेलात की मालक म्हणणार, 'आपलं ठरलंय 88 हजार, त्यातच सगळं.' त्यांचीही अडचण खरी आहे. त्यांची सेवा करमुक्त असल्याने त्यांना तुम्ही लावलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो त्यांचा सरळ खर्च. आता 88,000 मध्ये कर धरला, तर त्यातला कर होतो सुमारे 13,424 रुपये. तुम्ही चौघींना 19,000 प्रमाणे पगार देता, म्हणजे 76,000. तुमच्या हातात राहत होते 12,000. कर 13,424. म्हणजे महिना संपला की तुम्ही स्वतःच्या खिशातून चौदाशे रुपये घालून हॉस्पिटलला नर्स पुरवताय.

म्हणून पहिल्या दिवशीच्या करारात एक ओळ घाला : 'दर जीएसटी वगळून, कर लागू झाल्यास वेगळा.' ही ओळ घालायला पैसे लागत नाहीत.

नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून पैसे घेणं मात्र अजिबात नको. नोंदणी नसलेल्या माणसाला कर गोळा करायचा अधिकारच नाही. 'पाच टक्के टॅक्स' असं पेनाने लिहिलेली बिलं मी बघितली आहेत, ती बघून घाम फुटतो.

डॉक्टरचे पैसे आणि तुमचे पैसे

ही सगळ्यात नाजूक जागा. डॉक्टर तुमच्याकडे पेशंट पाठवतात, तुम्ही त्यांच्या सूचनेवर काम करता. मग डॉक्टरला काय द्यायचं?

बाजारात रीत अशी आहे की पेशंटमागे 'काहीतरी' द्यायचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत कलम 6.4 आहे. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन, भेट, बक्षीस देणं, मागणं किंवा घेणं त्यात निषिद्ध आहे. तुम्ही दिलेलं 'कट' तुमच्या वहीत खर्च म्हणून दिसतं, गूगल पेवर तर कायमचं दिसतं, आणि तक्रार झाली तर डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते. ज्याच्या भरवशावर तुमचा धंदा उभा आहे, त्यालाच तुम्ही खड्ड्यात घालता.

यावर सरळ मार्ग आहे. डॉक्टरने प्रत्यक्ष काम केलं, तर त्या कामाचे पैसे. घरी व्हिजिट दिली, फोनवर सल्ला दिला, तर पेशंटने डॉक्टरची फी द्यावी आणि डॉक्टरने स्वतःच्या नावाची, नोंदणी क्रमांकाची पावती द्यावी. टेलिमेडिसिनच्या सूचनांमध्येही फी घेता येते आणि तिची पावती द्यायची, असंच आहे. दर आठवड्याला डॉक्टरने तुमच्या सगळ्या केसेसची वही तपासून सही करावी असं वाटत असेल (आणि वाटायलाच हवं), तर त्या कामाचं ठरावीक मासिक मानधन लेखी ठरवा. पेशंट पाच आले किंवा पन्नास, मानधन तेवढंच. टक्केवारी नको.

उलट बाजूही असते. काही डॉक्टर म्हणतात, 'तू कशाला बिल देतेस, माझ्या क्लिनिकच्या नावाने जाऊ दे, तुला मी देईन.' हे चुकीचं नाही, पण मग तुम्ही उद्योजक नाही, डॉक्टरच्या कर्मचारी किंवा कंत्राटी आहात, हे ओळखा. पेशंट त्यांचा आणि दर त्यांचा. जबाबदारीही बरीचशी त्यांची. त्याच आचारसंहितेत म्हटलंय की डॉक्टर नर्सिंग होम चालवत असेल आणि मदतनीस ठेवत असेल, तर अंतिम जबाबदारी डॉक्टरची. काही जणींना सुरुवातीची दोन वर्षं हीच व्यवस्था बरी पडेल. पण मग दर महिन्याच्या हिशोबाचा कागद मागा.

नर्सने केलेल्या कामाचं बिल 'डॉक्टर व्हिजिट' म्हणून लावणं मात्र कुठल्याही व्यवस्थेत बसत नाही. विमा कंपनीकडून जास्त मिळावेत म्हणून पेशंटचे नातेवाईकच कधीकधी आग्रह धरतात. 'ताई, व्हिजिट लिहा ना, काय फरक पडतो?' फरक पडतो. ते खोटं बिल आहे आणि त्यावर सही तुमची असते.

विमा : काय मिळेल ते आधीच सांगा

आपल्याकडे नर्सने विमा कंपनीला थेट बिल लावायची पद्धत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, पैसे मिळतात ते हॉस्पिटलला, पॅकेजप्रमाणे. सिस्टरचं काम त्या पॅकेजच्या पोटात गेलेलं असतं, वेगळी ओळ नसते.

खासगी पॉलिसीत घरच्या उपचारांसाठी 'डोमिसिलरी हॉस्पिटलायझेशन' नावाचं कलम असू शकतं. त्याची व्याख्या अशी की एरवी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं असतं असा आजार, पण पेशंटला हलवण्यासारखी स्थिती नाही किंवा हॉस्पिटलात जागा नाही म्हणून घरी उपचार. 'आजींना घरीच बरं वाटतं' हे त्यात बसत नाही. कंपन्यांच्या व्याख्येत 'पात्र नर्स' म्हणजे परिचर्या परिषदेची वैध नोंदणी असलेली व्यक्ती. त्यामुळे दावा करायचा असेल तर तीन कागद जुळायला हवेत : डॉक्टरचा लेखी सल्ला की घरी नर्सिंग आवश्यक आहे आणि किती दिवस, तुमचं बिल ज्यावर तुमचा नोंदणी क्रमांक आहे, आणि रोजच्या भेटीची नोंद. सल्ल्याची तारीख बिलाच्या आधीची हवी. एवढं करूनही पॉलिसीत कलम नसेल तर पैसे मिळत नाहीत. म्हणून काम घेतानाच सांगा, 'मला पैसे तुम्ही द्यायचे, विम्याचं तुम्ही बघा, कागद मी पूर्ण देईन.' हे नंतर सांगितलंत तर शेवटच्या महिन्याचे पैसे बुडालेच म्हणून समजा.

बिलबुकावर काय छापायचं?

चिंचणीतला कुठलाही प्रिंटर दोन दिवसांत बिलबुक छापून देईल. वर तुमचं नाव, पदवी, परिषदेचा नोंदणी क्रमांक, पत्ता. नावाआधी 'डॉ.' नाही, नावाखाली 'क्लिनिक' नाही. मग अनुक्रमांक, तारीख, पेशंटचं नाव, 'कोणाच्या सूचनेनुसार' हा रकाना, त्यात डॉक्टरचं नाव आणि चिठ्ठीची तारीख. मग काम : 'ड्रेसिंग, 5 भेटी, दर अमुक'. साहित्य वेगळ्या ओळीत. वस्तूंची विक्री किंवा भाडं असेल तर त्याचं बिलबुकच वेगळं ठेवा, वर्षाअखेर उलाढाल मोजताना माझी आठवण काढाल. रोख 5,000 च्या वर घेतलेत तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही.

'आमच्याकडे कोणी बिल मागतच नाही' असंही ऐकतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सांगितलं. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मागो न मागो, द्या.

दोन गोष्टी जाता जाता. मोजकीच माणसं असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे फक्त सूचना द्यावी लागते, उद्यम नोंदणी फुकट होते. त्यासाठी एजंटला हजारो देऊ नका. आणि सुया-ब्लेड घरच्या कचऱ्यात टाकू नका. न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात गोळा करून, ज्या हॉस्पिटलकडे जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था आहे त्यांच्याशी बोलून ठेवा.

शेवटचा मोह खाटांचा असतो. चार-सहा महिने काम चांगलं चाललं की वाटतं, एक खोली घेऊ, दोन खाटा टाकू, पेशंटच इथे येतील, फिरणं वाचेल. सलाईन लावायला जागा झाली की पैसेही दुप्पट. पण पेशंट ठेवून घेऊन उपचार करायला लागलात, की महाराष्ट्राचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू होतो. मग नोंदणी आली, 2021 च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं आलं, प्रदूषण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी आली, आणि पूर्णवेळ जबाबदार डॉक्टरचा प्रश्न आला. हे सगळं करणारे आहेत, करता येतं. पण तो वेगळा व्यवसाय आहे, त्याचं भांडवल वेगळं. पहिली दोन वर्षं तुमची स्कूटी, बॅग, बीपीचं मशीन, चिठ्ठ्यांची फाईल आणि दोन बिलबुकं एवढ्यावर काढा. रोज सहा भेटी नियमित मिळायला लागल्या, की सातव्या भेटीसाठी दुसरी नोंदणीकृत नर्स शोधा, आणि तिला पाठवण्याआधी तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख स्वतः बघा.